अंबाडीशेजारची चार झाडं

अमेरिकेतल्या, मिशिगनमधल्या ट्रॉयच्या त्या घराची आठवण काढली की मला आधी मागचं अंगण दिसतं, घर नंतर. घर गल्लीतल्या इतर घरांसारखंच होतं, पुढे गॅरेज, खाली तळघर, वर तीन खोल्या. अंगण मात्र आईचं होतं. आई नागपूरला शाळेत विज्ञान शिकवायची. इथे आली तेव्हा तिचा व्हिसा बाबांच्या व्हिसाला बांधलेला, त्यावर नोकरी करता येत नव्हती, म्हणून तिने आपला वर्ग वांग्या-मिरच्यांवर भरवला. झाडांशी ती शाळेतल्याच आवाजात बोलायची. टोमॅटोला "सरळ उभा राहा रे" म्हणायची, मेथीला "गर्दी करू नका" म्हणायची. मी नवव्या वर्षी इथे आले आणि माझं मराठी टिकलं ते या अंगणामुळे. शाळेतून आले की पाण्याची नळी धरून तिच्यामागे फिरायचे, आणि मी इंग्रजीत उत्तर दिलं की ती ऐकूच न आल्यासारखं करायची. मी झक मारत तेच वाक्य मराठीत म्हणायचे.

या सगळ्यात तिचं खरं प्रेम अंबाडीवर होतं. उमरेडकडच्या आपल्या माहेराहून तिने अंबाडीचं बी ब्लाऊजपिसात गुंडाळून आणलं होतं. मिशिगनच्या थंडीत अंबाडी बिचारी जेमतेम तीन-साडेतीन महिने जगायची, पण तेवढ्यात कमरेएवढी वाढायची. लालसर देठ, हाताच्या पंजासारखी चिरलेली पानं, कडेला बारीक दाते. शिजवली की आंबट, त्यात कण्या आणि डाळ, वरून लसणाची खमंग फोडणी. पहिल्याच उन्हाळ्यात शेजारचा वॉल्टर कुंपणावरून ती पानं बघून पोट धरधरून हसला होता. वॉल्टर मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, उंच, वाकलेला म्हातारा. "मॅडम, यू आर अ ब्रेव्ह वुमन," तो म्हणाला. आईला कळेना यात शौर्य कसलं. त्याने फोनवर गांजाच्या पानाचा फोटो काढून दाखवला तेव्हा तीही हसली. खरंच फार सारखं दिसायचं. मग तिने त्याला वाटीभर भाजी दिली, त्याने एक घास खाऊन तोंड वेडंवाकडं केलं, आणि तिथून त्यांची मैत्री झाली.

आमच्या घरात पंचांग नव्हतं, आमच्याकडे ते कधीच नसतं; पण दर महिन्याला निघणारं व्हिसा बुलेटिन मात्र बाबा भक्तिभावाने बघायचे. ग्रीन कार्डाची रांग किती पुढे सरकली ते त्यात असायचं. कधी दोन आठवडे सरकायची, कधी सरकलेली पुन्हा मागे यायची. बाबा एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर होते, माणूस अतिशय पापभीरू. रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला पूर्ण थांबून मनात तीन मोजणारे. त्यांची एकच चिंता होती आणि ती मी होते. मला एकवीस पूर्ण झाली की त्यांच्या अर्जातून माझं नाव गळणार होतं. मग मी विद्यार्थी म्हणून वेगळा व्हिसा शोधायचा, नाहीतर जिथून आले तिथे परत जायचं. "प्रज्ञाचं एकदा झालं की सुटलो," हे वाक्य आमच्या घरात मीठमिरचीइतकं रोजचं होतं. त्या वाक्याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा, हे आज लिहायला लाज वाटते.

रविवारी आठ-दहा कुटुंबं कुणा एकाच्या घरी जमायची. बहुतेक नागपूर, भंडारा, वर्ध्याकडची. तळघरात सतरंजी, मेणबत्त्या, बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. मेश्राम काका पुढे बसून वंदना घ्यायचे, त्यांच्या मागे आम्ही सगळे पंचशील म्हणायचो. आवाज काकांचा खणखणीत. मुलांचे उच्चार अमेरिकन. मग वर येऊन जेवण. मेश्राम काका सगळ्यांत आधी इथे आलेले, त्यामुळे धम्मातलं आणि व्हिसातलं, दोन्हींतलं शेवटचं मत त्यांचं. कुणाच्या अर्जावर काही प्रश्न आला की आधी काकांना फोन, मग वकिलाला. माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम आधीच लिहून ठेवते, कारण पुढे लिहायचं मन होईल की नाही सांगता येत नाही.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आईच्या पोटात गाठ निघाली. केमो सुरू झाली आणि पहिली गेली ती फोडणी. तेल तापल्याचा वास आला की ती तोंडावर पदर धरून वर पळायची. ज्या घराच्या पडद्यांनासुद्धा लसणाचा वास होता तिथे मी आणि बाबा खालमानेने मायक्रोवेव्हमधलं जेवू लागलो, तेही गॅरेजमध्ये उभं राहून. डॉक्टरांनी मळमळीच्या गोळ्या दिल्या, त्या बदलून दुसऱ्या दिल्या. आई लिंबाच्या लोणच्याची फोड चोखायची आणि म्हणायची, "आज जेवले बरं का." हाताची हाडं वर आली. मेश्राम काकू डबे घेऊन यायच्या, पाटोडी, वडाभात, सगळं तिच्या आवडीचं, आणि ती झाकण उघडून बघायची, काकूंचे आभार मानायची, झाकण लावायची. काकू गेल्या की मला म्हणायची, "तू खा, मला तुझ्या तोंडाकडे बघू दे." मी खायचे. तिच्यासमोर बसून भरल्या तोंडाने खायचे.

एक दिवस वॉल्टर काचेची बरणी घेऊन आला. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी याच दुखण्याने गेली होती. "याच्यामुळे ती शेवटपर्यंत पॅनकेक खात होती," तो बाबांना इंग्रजीत म्हणाला आणि बरणी ओट्यावर ठेवून गेला. आत गांजाची वाळलेली हिरवट फुलं. बाबा दोन पावलं मागेच सरकले. "आपण दर रविवारी शील घेतो, सुनंदा. नशा नाही. आणि आपला अर्ज..." आई सोफ्यावर पांघरूण घेऊन पडली होती. ती शांतपणे म्हणाली, "मला नशा नको आहे. मला भूक पाहिजे. शील भुकेच्या विरुद्ध आहे, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"  बाबा बरणी परत द्यायला उचलत होते, तेवढ्यात ती उठली, त्यांच्या हातातून बरणी घेतली आणि ओट्याशी गेली. तिने वर्गात शिकवल्यासारखं मला सांगितलं, "हे पाण्यात उतरत नाही, चरबीत उतरतं," आणि मंद आचेवर ते तुपात घालून तासभर ढवळत बसली. गाळलेलं तूप हिरवं निघालं. नखाएवढं तूप मऊ भातात कालवून घेतलं. बाबा जिन्यात डोक्याला हात लावून बसले. मग दीड-दोन तासांनी वरच्या खोलीतून तिने मला हाक मारली. मला वाटलं काहीतरी झालं. मी धावत गेले तर ती उशीला टेकून बसली होती, डोळे थोडे जड, आणि चक्क हसत होती. म्हणाली, "वरणाला लसणाची फोडणी दे गं. जरा लाल होऊ दे." मी फोडणी देताना रडले, आणि माझ्या मागे उभे राहून बाबासुद्धा रडले. त्या संध्याकाळी तिने दोन वाट्या वरणभात खाल्ला. आजवर मी बरीच लग्नं, बारशी, पार्ट्या जेवले, पण असं जेवण पाहिलं नाही.

वॉल्टरची बरणी किती पुरणार? आमच्या राज्यात तेव्हा दुकानातून सरळ घेता येत होतं, घरी लावताही येत होतं. पण दुकानात दारातच लायसन्स बघायचे. बाबांचं लायसन्स व्हिसाबरोबर संपणारं, त्यावर तसं छापलेलं. त्यांनी डोकं लढवलं: "तिथे आपलं नाव मशीनमध्ये जाणार. त्यापेक्षा आपल्या अंगणात कोण बघतंय?" राज्य सरकार म्हणतं लावा, केंद्र सरकार म्हणतं गुन्हा, आणि ग्रीन कार्ड देणार केंद्र सरकार. पोटासाठी पाव किलो विकत घेण्यापेक्षा पीक काढणं केंद्राच्या लेखी कितीतरी मोठं पाप, हे बाबांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं की कळलंच. रेकॉर्डला भिऊन आम्ही शेती केली. असली चूक फक्त आमच्यासारखी, कागदाला देव मानणारी माणसंच करू शकतात.

तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला उन्हाळा होता, हेही सांगून टाकते. मे महिना संपेपर्यंत आमच्याकडे पाल्याचा, म्हणजे रात्रीत रोपं जाळणाऱ्या हिमाचा, भरवसा नसतो, त्यामुळे वॉल्टरने आणून दिलेली सहा रोपं आधी तळघराच्या खिडकीत होती, सकाळी बाहेर, संध्याकाळी आत. मग ती अंगणात गेली. कायद्याने त्याला कुलूपबंद जाळी लागते, म्हणून वॉल्टरने आपल्या मेलेल्या कुत्र्याचा माणसाहून उंच, तारेच्या जाळीचा पिंजरा दिला. तो अंबाडीच्या वाफ्याला लागूनच उभा केला, म्हणजे लांबून सगळं एकच वाटावं. बाबांनी जन्मात कधी मिरचीचं रोप लावलं नव्हतं, पण आता ते रोज रात्रीचं तापमान एक्सेलमध्ये भरू लागले. जूनमधल्या गार रात्रींना ते आईच्या जुन्या सुती साड्या पिंजऱ्यावर पांघरायचे आणि सकाळी ऑफिसला जायच्या आधी टाय लावून त्या काढायला जायचे. आई खुर्ची टाकून बसायची, हातात भिंग. मला जवळ बोलावून दाखवायची, "ह्या पेराशी बघ. बारीक गोळी आहे ना, तो नर. आणि हे दोन पांढरे केस, ही मादी. नर उपटायचे, नाहीतर बी धरतं आणि फुलातला अर्क जातो." दोन नर निघाले, ते उपटले. चार राहिली. तिचा वर्ग पुन्हा भरला होता आणि तिच्या ताटात रोज काहीतरी असायचं. ती अंगणातून हाक मारून सांगायची, आज पिठलं कर, आज वांगं भाज. जुलैत तिचे गाल भरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "व्हॉटएव्हर यू आर डूइंग, कीप डूइंग इट." बाबांनी मान खाली घातली.

आता इतक्या वर्षांनी माझी सून मला याच झाडापासून केलेल्या, फळांच्या चवीच्या गोळ्या आणून देते, मला झोप लागत नाही म्हणून. मॉलमध्ये दुकान आहे, काचेचं, केक मिळावेत तसं. "ममा, इट्स जस्ट अ प्लांट," ती म्हणते. मी त्या गोळ्या घेते आणि कपाटात ठेवते. कपाटात आता बऱ्याच साठल्या आहेत.

ऑगस्टमधला एक रविवार आमच्या घरी होता. आईला बरं वाटत होतं म्हणून बाबांनी हौसेने बोलावलं होतं. मेश्राम काकू आल्या आल्या पदर खोचून स्वयंपाकघरात शिरल्या. "सुनंदा, तू बसून राहायचं. मी करते." त्यांनी खिडकीतून अंबाडी बघितली आणि त्यांचं मन भरून आलं. टोपलं घेऊन त्या बाहेर गेल्या. वाफ्यातली पानं आईने आदल्याच दिवशी खुडली होती, खाली जून देठ राहिलेले. पण शेजारी पिंजऱ्याच्या जाळीतून ही भलीमोठी, ताजी पानं बाहेर आली होती. हरणं आणि ससे खाऊ नयेत म्हणून इथे सगळेच भाजीला जाळी लावतात, काकूंना त्यात काही नवल वाटलं नाही. त्यांनी जाळीबाहेरची पानं टोपलंभर खुडली, त्यात कण्या-डाळ घातली, आणि आम्ही सगळे खाली वंदना म्हणत असताना ती भाजी वर शिजत राहिली.

मी वर आले तेव्हा काकू डावातून भाजी हातावर घेऊन चाखत होत्या. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "प्रज्ञा, अगं ही आंबटच नाही! कडूजहर आहे. कोणती अंबाडी लावली तुमच्या आईने?" मी पातेल्यात बघितलं आणि गॅस बंद केला. तेवढ्यात आई आली. तिने एक क्षण पातेल्याकडे बघितलं आणि म्हणाली, "इथलं बी आहे ते, वहिनी. नाही जमत. टाकून द्या." पातेलं तिने स्वतः सिंकमध्ये ओतलं. कुणी खाल्लं नाही, काही झालं नाही. वांग्याच्या भाजीबरोबर सगळे जेवले. पण काकूंना चैन पडेना. त्यांनी अंगणात जाऊन पानांचा फोटो काढला, मागे आमचं घर, आमचा पिंजरा, आणि बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून भाबडेपणाने विचारलं, "मैत्रिणींनो, ही कोणती अंबाडी? अजिबात आंबट नाही. रामटेकेंच्या बागेत आहे." कुणाची तरी मुलगी आईचा फोन बघत होती. तिने उत्तर दिलं, "आंटी, दॅट्स वीड," आणि पुढे रडेपर्यंत हसणारे सहा चेहरे. काकूंनी फोटो काढून टाकला खरा, पण तोवर चाळीस बायकांनी पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मेश्राम काका आले. चहा नको म्हणाले. बसलेही नाहीत.

"रामटेके, तुम्ही माझ्या मागे बसून शील घेता आणि अंगणात हे?"

"काका, सुनंदासाठी आहे. ती जेवते त्याच्यामुळे. औषध आहे," बाबा म्हणाले. बाबा काकांपेक्षा फार लहान नव्हते, पण त्या वेळी शाळेतल्या मुलासारखे उभे होते.

"औषध दवाखान्यात मिळते."  मग काकांचा आवाज उतरला. "शीलाचं जाऊ द्या. ते ज्याचं त्याच्याजवळ. यार, तुम्हाला माहीत आहे का, फक्त कबूल केलं तरी अर्ज जातो? केस नको, पोलीस नको, काही नको. नुसतं हो म्हटलं की संपलं, कायमचं. पोरीचं वाटोळं करता का? आणि तो फोटो आमच्या ग्रुपवर पडला होता. आमचेही अर्ज आत आहेत. उद्या आम्हाला विचारलं, कुणाच्या घरी जाता म्हणून, तर?"

तिथे मला समजलं की काका शीलासाठी आलेच नव्हते. पण मी ते बोलले नाही, कारण 'पोरीचं वाटोळं' हे शब्द माझ्या डोक्यात घण घालत होते. ती पोरगी मी होते.

पुढच्या रविवारपासून आम्हाला कुणी बोलावलं नाही. काकूंचे डबे मात्र यायचे, दाराबाहेर पायरीवर ठेवलेले. बेल वाजायची नाही. आणि सप्टेंबर लागताच मुलाखतीचं पत्र आलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते पत्र. तिघांनी हजर राहायचं, तीन आठवड्यांनी. बाबांनी वकिलाला फोन करून सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर होता. वकीलबाई म्हणाल्या, असं काही आपण मला सांगितलेलं नाही; पण घरात किंवा अंगणात त्याचा एक कणही असता कामा नये, आजपासून. खोटं बोला असं मी सांगू शकत नाही, असंही म्हणाल्या. फी मात्र त्यांनी सांगितली.

झाडं तोवर माझ्या डोक्यावर गेली होती. तुरे भरले होते, चिकट झाले होते, सगळ्या अंगणात तो उग्र वास. वॉल्टर रोज कुंपणावरून सांगायचा, अजून दोन आठवडे, जास्तीत जास्त तीन. सकाळी दव झटका, बुरशी लागू देऊ नका, पाल्याच्या आत कापा. बरणीतलं तूप तळाला आलं होतं. आईच्या केमोची पुढची फेरी ऑक्टोबरात होती. बाबा दोन दिवस फक्त येरझाऱ्या घालत होते. मुलाखत होऊ दे, मग कापू, असं एकदा म्हणाले. मी म्हणाले, "आणि ते घरी बघायला आले तर? बाबा, मला फेब्रुवारीत एकवीस पूर्ण होतात." हे मी म्हणाले. काका नाही, वकीलबाई नाही. मी. माझे मित्र इथे, माझं कॉलेज इथे, नागपूर माझ्यासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीतला घाम होता. मला ते कार्ड पाहिजे होतं, जिवापाड पाहिजे होतं, आणि आईच्या जेवणाबद्दल मी स्वतःला सांगितलं की डॉक्टर दुसऱ्या गोळ्या देतील.

दुपारी आई वर झोपलेली असताना आम्ही खाली गेलो. बाबांनी कुलूप काढलं आणि ते पायरीवर बसले. त्यांच्याने होईना. चारही झाडं मी उपटली. मुळं खोल गेली होती, फावड्याने खणावं लागलं. काळ्या पिशव्यांत कोंबून आम्ही ती लांबच्या कचरापेटीत टाकून आलो. तुपाची बरणी मी गरम पाण्याने धुतली. हाताला चिकटलेला वास तेलाने घासून काढला. मग आम्ही बापलेकींनी कारमध्ये ठरवलं की आईला सांगायचं, पाला पडला.

तिने ऐकून घेतलं. उठून खिडकीशी गेली आणि बराच वेळ खाली बघत उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाला पडला की आधी अंबाडी काळी पडते, प्रज्ञा. ती जास्त नाजूक असते." खाली अंबाडी हिरवीगार उभी होती.  बाबा दारात येऊन उभे राहिले. ती म्हणाली, "मला विचारायचं होतं. मी हो म्हटलं असतं. तुझ्यासाठी लगेच हो म्हटलं असतं. पण विचारायचं तरी." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, मलाही उलटं ओरडता आलं असतं.

ती झाडं राहिली असती तर आई वाचली असती असं मी म्हणत नाही. ती गाठ तिला नेणारच होती, हे डॉक्टरांनी नंतर नीट समजावून सांगितलं. वाचली नसती. पण जेवली असती.

मुलाखतीला डेट्रॉइटला गेलो तोवर तिचं जेवण पुन्हा लोणच्याच्या फोडीवर आलं होतं. अधिकारी तरुण होता, सर्दी झालेला, सारखा नाक पुसत होता. त्याने एक लांबलचक यादी वाचायला घेतली, तुम्ही कधी दहशतवादी संघटनेत होता का, कधी दुसऱ्याचं मूल पळवलं का, आणि त्याच सुरात अमली पदार्थांचा प्रश्न. बाबा म्हणाले, "नो." मी म्हणाले, "नो." मग त्याने आईकडे बघितलं. आई क्षणभर थांबली.  आयुष्यात मी तिला कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. वर्गात एखादं उत्तर माहीत नसलं तर ती मुलांना तसं सांगायची. "नो, सर," ती म्हणाली. त्याने मान वर न करता खूण केली आणि पुढच्या प्रश्नावर गेला. पंधरा मिनिटांत आम्ही बाहेर होतो. घरी कुणी बघायला येणार नव्हतं, कुणी येत नसतंच. त्या माणसाला आमच्या अंगणाशी काही देणंघेणं नव्हतं.

कारमध्ये बाबा आनंदाने काहीतरी बोलत होते. आई मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. ती म्हणाली, "मेश्राम भाऊजींना सांगा, ते झाड खाऊन माझं शील मोडलं नव्हतं. आज मोडलं." 

त्या संध्याकाळी तिने हट्टाने आमच्याबरोबर टेबलाशी बसून जेवण केलं. वरणभात, तोच. पूर्ण वाटी संपवली, "चांगलं झालंय," म्हणाली, आणि वर गेली. थोड्या वेळाने वरच्या बाथरूममधला नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरू राहिला. पाण्याच्या आवाजाखाली ओकारीचा आवाज होता, तो मला आणि बाबांना दोघांनाही ऐकू येत होता. बाबा ताटात बघत बसले. मी उठून टीव्हीचा आवाज वाढवला.

कार्डं एकाच दिवशी आली, तीन पाकिटांत. नोव्हेंबर होता, बाहेर पहिला बर्फ भुरभुरत होता. आई तेव्हा खालच्या खोलीत पलंगावरच असायची, पाणीसुद्धा चमच्याने. बाबांनी तिचं पाकीट फोडून कार्ड तिच्या हातात दिलं. कार्डावरचा फोटो अर्जाच्या वेळचा, जुलैत बोटांचे ठसे घेतले त्या दिवशी काढलेला. गाल भरलेले, ओठांवर नुकतंच काहीतरी खाल्ल्यासारखी लकाकी. तिने चष्मा मागितला, कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि एखाद्या ओळखीच्या बाईकडे बघावं तसं त्या फोटोकडे बघत राहिली.

"ही बघ," ती मला म्हणाली, "जेवत होते तेव्हाची आहे."

आणि कार्ड माझ्या हातात देऊन तिने कूस बदलली.